तळोद्याच्या जिल्ह्याचा हर्षद आकडा

तळोदा तालुका ज्या नंदुरबार जिल्ह्यात येतो, तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. हे १९९८ फोडून पाहा: २×३×३×३×३७. अंकांची बेरीज २७, म्हणजे ३×३×३. हे तिन्ही ३ फोडीत आहेतच, म्हणून २७ने भाग निःशेष जातो, उत्तर ७४.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे सुंदर नाव दिले.

अशा फोडीने भागाकाराचा आणखी एक गैरसमज दूर होतो. एखाद्या संख्येला ६ आणि ९ने भाग गेला की ५४नेही जाणार, असे अनेकांना वाटते. ३६ घ्या: नाही जात! दोघांतला सामाईक ३ एकदाच धरायचा, म्हणून लसावि १८. १९९८ला मात्र ५४नेही भाग जातो, कारण त्यात ३ तीनदा आहे.

आता आपले जन्मवर्ष फोडून पाहा.