आधी दोरी, मग टिपरू

गणपतीच्या दोनेक महिने आधी पुण्यात मुठेच्या काठी मंडप उभे राहतात आणि ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. नव्या पोराला पहिल्याच दिवशी टिपरू हवं असतं. चांगल्या पथकात त्याच्या हाती आधी दोरी येते. चामड्याचं पान पावसाळी हवेत सैल पडतं, मग ढोल भदभदतो. तो ताणायला दोघं लागतात: एकानं ढोल दाबून धरायचा, दुसऱ्यानं दोरी ओढायची. कॉलेजची मुलगी आणि गॅरेजमधला पोरगा एकाच ढोलाला भिडले, की ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

शिस्तीच्या या पथकांची वाट ज्ञान प्रबोधिनीने घालून दिली. आप्पा पेंडसे यांनी 1962 साली स्थापन केलेल्या या संस्थेने ढोलाच्या तालावर बरची खेळणारे विद्यार्थी मिरवणुकीत उतरवले.

ठेका ताशा धरतो, ढोल त्यामागून जातो. खरी गोम इथेच आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. रांग 30 मीटरची असेल, तर ताशाची काडी शेवटच्या ढोलाला सेकंदाच्या अकराव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येते. प्रत्येक जण कानावर विसंबला, तर वादन फाटतं. म्हणून रांगेच्या मध्ये हात वर करून इशारा देणारा कुणीतरी लागतो. हा मान बहुधा उत्तम वाजवणाऱ्याला देतात. माझ्या मते तो मागच्या रांगेकडे लक्ष असणाऱ्याला द्यावा. स्वतःच्या ढोलात रंगलेल्याला कोण दमलंय ते दिसत नाही.

न वाजवणाऱ्यांची कामं तर जास्तच शिकवतात. दोरीचं कडं धरणं, पाणी फिरवणं, मंडळाशी सुपारीची बोलणी करणं, आणि लक्ष्मी रस्त्यावर मागचं मंडळ खोळंबलेलं असताना वादन आवरतं घ्यायला लावणं. विशीतल्या मुलीनं हे एकदा निभावलं, की तिला सभाधीटपणाचा वर्ग लागत नाही.

पथकं फुगली, तेव्हा मात्र हे बिनसलं. शेकडो ढोलांत कुणाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांवर 30 जणांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. प्रश्न आवाजाचा होता आणि तो रास्तच आहे. पण मोठ्या पथकानेही पंधरावीस जणांच्या तुकड्या पाडून प्रत्येकीला प्रमुख नेमावा. विसर्जनानंतर सुपारीचा हिशोबही या प्रमुखांनीच सगळ्यांसमोर वाचावा: पानं, दोऱ्या, टेम्पो, जेवण, आणि उरलं ते कुठल्या कामाला द्यायचं.