कडी आणि मैदान

माजिवड्याच्या पुलाखालून निघालेली बस गायमुखला कधी पोचेल, हे घोडबंदर रोडवर कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. मेट्रोचं काम, कंटेनरच्या रांगा, पावसाळ्यात चाळण झालेला रस्ता. वीस मिनिटांच्या अंतराला दोन तास लागले तरी आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. अशाच एका संध्याकाळी माझ्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी मांडीवर सॅक घट्ट धरून बसली होती. मानपाडा येईपर्यंत तिनं दोनदा मागे वळून कुर्ता सारखा केला. पातलीपाड्याला ती उठून उभी राहिली, ती कासारवडवलीपर्यंत उभीच. बसायला जागा होती. बाईला हे ओळखायला वेळ लागत नाही. माझ्या पर्समध्ये पॅड होतं, पण ते देऊन उपयोग काय? त्या कोंडीत उतरून ती ते बदलणार कुठे, हे मलाही सुचेना.

या रस्त्यावरच्या थांब्यांची नावं वाचत गेलं की त्याचं खरं वय कळतं : मानपाडा, पातलीपाडा, डोंगरीपाडा, भाईंदरपाडा. पाडे आधीचे. टॉवर नंतर आले आणि येताना परदेशी नावं घेऊन आले. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रोज सकाळी वस्त्यांमधून टॉवरकडे धुण्याभांड्याला निघालेल्या बाया. त्यांच्या मुली आणि त्या टॉवरमधल्या मुली एकमेकींना लिफ्टपुरत्या भेटतात. दोघींच्यात एक गोष्ट मात्र सारखी आहे. पहिल्यांदा पाळी येते तेव्हा त्यातल्या कित्येकींना ती काय आहे हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

सांगायचं तर शब्द हवेत, आणि आपल्याकडे शब्दांची वानवा नाही. 'कावळा शिवला' हा आमच्या आजीचा. 'बाहेरची', 'बाजूला बसली', 'अडचण' हे आईचे. 'डेट' आणि 'चम्स' आमच्या कॉलेजातले. आताच्या मुली 'पिरियड्स' म्हणतात, तरी दुकानदार ते पाकीट अजून काळ्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळूनच देतो. एवढे शब्द केवळ टाळण्यासाठी जमवणारी भाषा मुलीला 'हे रक्त आहे, ते इथून येतं, पाच-सात दिवसांत थांबतं' एवढं सरळ वाक्य देत नाही. आमच्या घरी तर नियम आधी आले आणि कारण कधीच आलं नाही : देवघरात जायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. लावला तर वर्षाचं लोणचं नासतं.

शाळेचं काय? राज्य मंडळाच्या पुस्तकात प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात. पाळी येते साधारण सहावी-सातवीत. म्हणजे पुस्तक तीन-चार वर्षं उशिरानं पोचतं, आणि पोचतं तेव्हाही अनेक वर्गांत तो धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला जातो. किशोरवयीन शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम शाळांमध्ये येऊ घातला होता, तेव्हा 2007 साली महाराष्ट्र सरकारनं लैंगिक शिक्षणावर बंदीच घातली. ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी 1927पासून 1953पर्यंत पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, त्या राज्याचा हा निर्णय.

पण महाराष्ट्र या विषयावर कधी बोललाच नाही, असं म्हणता येत नाही. उलट एके काळी तो चव्हाट्यावर बोलत होता. संमतीवयाचा कायदा 1891 साली झाला आणि शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय 10वरून 12वर गेलं. त्याआधीचं वादळ ज्या मुद्द्यावर उठलं, तो मुद्दा होता पहिल्या न्हाणाचा. ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे, आणि त्यात सरकारनं पडू नये, असं टिळकांच्या बाजूचं म्हणणं, सुधारकांचं उलट. सभा झाल्या, अग्रलेख झाले, शास्त्रार्थ झाले. दहा वर्षांच्या मुलीच्या पाळीवर एवढे पुरुष इतक्या मोकळेपणानं पुन्हा कधी बोलले नसतील. ती मुलगी मात्र त्या सभांत नव्हती. मखरात बसवून न्हाण साजरं करण्याची जुनी चाल मला याच जातीची वाटते : सगळ्या आळीला कळतं, मुलीला काही कळत नाही.

मुलीला, बाईला विचारायला सुरुवात झाली ती फार उशिरा, आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी त्रास होता. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास आला, तेव्हा जगभरच्या आरोग्यखात्यांना कळलं की 'बाईचं आरोग्य' म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नाही. मला त्या आकड्याइतकीच त्यामागची रीत महत्त्वाची वाटते. राणीताई आधी गावातल्या बायकांशी बोलल्या. कोणत्या दुखण्याला त्या काय म्हणतात, ते शब्द शिकल्या. पुढे मुलामुलींसाठी त्यांनी 'तारुण्यभान' शिबिरं घेतली, तीही याच रीतीनं : प्रश्न मुलांचे, शब्द त्यांच्या ओळखीचे, आणि मुलगे वर्गाबाहेर नाहीत.

आमच्या शाळेत मुलगे वर्गाबाहेर होते. सातवीत असताना एका कंपनीच्या बाई आल्या, मुलग्यांना खो-खो खेळायला मैदानावर पिटाळलं, खिडक्या लावल्या, आणि आम्हाला एकेक नमुना आणि गुलाबी पुस्तिका मिळाली. मुलगे रिकाम्या हातांनी मैदानावर गेले आणि अज्ञान तसंच सोबत घेऊन गेले. यात हसण्यासारखं काही नाही, हे मला फार नंतर कळलं. मे 2023मध्ये उल्हासनगरला बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले. पहिली पाळी आली होती. तिच्या तीस वर्षांच्या भावानं त्यातून तिचे कुणाशी तरी संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि तिला मारहाण करून ठार केलं. संशय, मालकी, हिंसा हे सगळं त्यात होतंच. पण हा डाग कशाचा असू शकतो हे त्या भावाला कधी कुणी सांगितलं होतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये आपण रोज अशा भावांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतो.

अज्ञानाची गोष्ट एकवेळ समजते. जुलै 2025मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूरच्या एका खासगी शाळेत जे झालं, त्याला अज्ञान म्हणायची सोय नाही. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावलं, त्या डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, आणि कुणाकुणाला पाळी आलीय ते विचारलं. 'नाही' म्हणणाऱ्या मुलींना स्वच्छतागृहात नेऊन तपासलं. पालकांनी आवाज उठवल्यावर पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. तपासणाऱ्या बायकाच होत्या. 'बायका बायकांना समजून घेतात' हे वाक्य मी तेव्हापासून जपून वापरते. ज्या बाईला स्वतःच्या पाळीबद्दल कुणी आदरानं सांगितलेलं नसतं, ती पुढच्या पिढीला कधी कधी फक्त पहाराच देते. त्या मुलींना त्या दिवशी हवं होतं ते फार थोडं : वाहतं पाणी, झाकणाची बादली, एक पॅड, आणि आतून लागणारी कडी.

कडीची गोष्ट ठाण्यात आधी कुणाला सुचलीच नव्हती असं नाही. वागळे इस्टेटच्या शांतीनगर वस्तीत जानेवारी 2022मध्ये ठाणे महापालिका आणि म्यूज ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून सार्वजनिक शौचालयात एक 'पिरियड रूम' उघडली. खर्च सुमारे 45,000 रुपये. आत वाहतं पाणी, जेट स्प्रे, साबण, कागदाची गुंडाळी, कचऱ्याची बादली. संपलं. एवढ्या पैशात घोडबंदरच्या टॉवरमध्ये देवघराएवढीसुद्धा जागा मिळत नाही. पण ज्या बाईला दहा-बाय-दहाच्या खोलीत सहा माणसांत राहून कापड धुवायचं असतं, वाळवायचं असतं, आणि सार्वजनिक शौचालयाबाहेर रांग ताटकळत असताना आत घाई करायची असते, तिला त्या खोलीचं मोल समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या 120 सार्वजनिक शौचालयांत अशा खोल्या करायचा मनोदय तेव्हा जाहीर झाला होता. घोडबंदरच्या कोंडीत अडकलेल्या बसमधून मी ही आठवण काढते तेव्हा त्या आकड्याशी माझं भांडण होतं, कारण शौचालयं वस्तीत असतात आणि मुलगी रस्त्यावर.

या म्यूजचे संस्थापक निशांत बंगेरा हे पुरुष आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. त्यांच्या 'मासिका महोत्सवा'त दर मे महिन्यात मासिक पाळी चक्क साजरी होते. जगभर 28 मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन. 28 म्हणजे चक्राचे सरासरी दिवस, पाचवा महिना म्हणजे रक्तस्रावाचे पाच दिवस. विटाळ हा शब्द जिथे रुजला, तिथे महोत्सव हा शब्द आणणं थोडं आगाऊपणाचं वाटेल. पण चौदाव्या शतकातल्या संत सोयराबाईंनी देहाच्या विटाळाबद्दल देवालाच प्रश्न केले, त्यापेक्षा हे फार आगाऊ नाही.

पॅड तर आता पोचलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 24 वयाच्या, पाळीत स्वच्छ साधन वापरणाऱ्या तरुणी 2015-16मध्ये देशात 57.6 टक्के होत्या, 2019-21मध्ये 77.3 टक्के झाल्या. महाराष्ट्रात 8 मार्च 2018ला 'अस्मिता' योजना आली. तीत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळत होतं आणि विक्री बचतगटांच्या हाती होती. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटीही गेला. हे सगळं चांगलंच. तरी टक्केवारी ही साधन वापरण्याची आहे. पहिल्या डागाच्या दिवशी ती घाबरली का, कुणाला सांगायला धावली, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

कुणाला सांगायला धावली, इथे माझं सगळं म्हणणं येऊन थांबतं. आई लाजते, बाई घाईत असतात, डॉक्टर लांब असतात. मुलगी धावते ती स्वतःहून तीन-चार वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलीकडे. चाळीत, पाड्यावर, टॉवरच्या बागेत अशी एक ताई असते. तिला माहिती असेल तर अख्खी गल्ली वाचते, तिला नसेल तर अख्ख्या गल्लीला कावळा शिवतो. सरकारलाही हे ठाऊक आहे. जानेवारी 2014मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा कणाच समवयस्क शिक्षकांचा आहे. पण ताई सरकारनं नेमून होत नाही. तिला आधी कशाचा तरी अभिमान मिळावा लागतो.

तो कसा मिळतो, हे बघायचं तर कळव्यापलीकडे मुंब्र्याला जावं. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली हजारो मुस्लिम कुटुंबं इथे येऊन राहिली. 2012पासून सबा खान आणि त्यांच्या सोबतिणींच्या 'परचम' या गटानं इथल्या मुलींना फुटबॉल शिकवायला घेतला. सुरुवातीला मुली घरी शिकवणीला जातो सांगून येत. कुणी हिजाबात, कुणी सलवारीवर. मैदानं मुलग्यांनी व्यापलेली, म्हणून मुलींनी सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींकडे स्वतःसाठी मैदान मागितलं. मला या गोष्टीतला हा भाग गोलपेक्षा मोठा वाटतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली अर्ज लिहितात, दारोदार जाऊन सही मागतात, 'कशाला हवंय मैदान?' या प्रश्नाला उत्तर देतात. पुढे त्यातल्याच काहीजणी धाकट्या मुलींच्या प्रशिक्षक झाल्या, आणि सावित्रीबाई फुले व फातिमा शेख यांच्या नावानं स्पर्धा भरू लागल्या. मैदानावर पाळीचा विषय वेगळा काढावा लागत नाही. 'आज खेळू का?' हा प्रश्न एखादी विचारतेच, आणि उत्तर देणारी तिथे असते.

असाच अभिमान रंगमंचही देतो. ठाण्यातच 2014 साली नाटककार रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. लोकवस्तीतल्या मुलांनी आपल्या आयुष्यातले विषय घ्यायचे, संहिताही आपणच रचायची, आणि नाट्यजल्लोषात सादर करायची. त्याच संस्थेच्या एकलव्य उपक्रमात हलाखीत दहावी पास झालेली मुलं पुढे कार्यकर्ते होऊन धाकट्यांना शिकवतात. वस्तीत मोठ्या आवाजात एक वाक्य बोललेली मुलगी दुकानात जाऊन पाकीट मागताना आवाज खाली आणत नाही. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण काऊंटरशी उभं राहून पाहिलेलं आहे.

बसमधल्या त्या मुलीला मी त्या दिवशी काहीच विचारलं नाही, आणि ताई होण्याची संधी हुकली. एकदा ती साधली होती. मी आठवीत, बहीण पाचवीत. मे महिना, कैऱ्यांचे दिवस. फडताळात नव्या लोणच्याची बरणी, दादरा बांधलेली. मी 'बाजूला' होते. दुपारी घर निजलेलं असताना मी दादरा सोडला, बरणीला दोन्ही हात लावले, शिवाय एक फोड काढून खाल्ली. मग वर्षभर पाळत ठेवली. बुरशी नाही, वास नाही, फेस नाही. पुढच्या वैशाखात तळाशी चार फोडी उरल्या तेव्हा बहिणीला फडताळापाशी नेलं, सगळं सांगितलं, आणि पाळी म्हणजे काय तेही, मला जेवढं माहीत होतं तेवढं. तिनं आधी बरणीत वाकून पाहिलं. मग एक फोड उचलली आणि विचारलं, भात उरलाय का?