शंखात राहणारे मासे आणि आपलं बोअरचं पाणी

हिंगोलीत बोअरच्या पाण्याची तक्रार घरोघरी: बादलीला पांढरे डाग, हिटरवर क्षारांचा थर. म्हणून मी फिशटँकमध्ये आरओचं पाणी भरलं. आठवड्यात चारपैकी तीन मासे गेले. चूक माझीच.

हे मासे म्हणजे 'मल्टी', आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातले. लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर. गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतात, अंडीही तिथेच घालतात. त्या तलावाचं पाणी जड, पीएच ९च्या आसपास. आरओ नेमके तेच क्षार काढून टाकतं!

मग घरचं बोअरचं पाणी तपासलं: पीएच ८. चालतंय की! तळाला दोन इंच बारीक वाळू, माशामागे दोन-तीन उकळलेले शंख, स्पंज फिल्टर. नवीन टँक असेल तर चिमूटभर खाद्य टाकत फिल्टर महिनाभर आधीच चालवा, मगच मासे आणा. दर आठवड्याला पाव पाणी बदला. वाळू उकरून शंख कुठे पुरायचा, ते मासेच ठरवतात.

उरलेल्या एकाला सोबती आणले. परवा शंखाच्या तोंडाशी तांदळाएवढं पिल्लू दिसलं. पिल्लं जास्त झाली तर मित्रांना द्या, कयाधूत सोडू नका. आणि हो, आधी पाणी मोजा, मग मासे आणा. भेटू पुढच्या भागात!