झटका नाही, पण जाळ आहे

उसाचा हंगाम आला, की सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्याकडे जाणारा मोठा रस्ता रात्रीसुद्धा जागा असतो. उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. ट्रॅक्टरला पुढे दिवे असतात. पण ट्रॉलीला मागे पुष्कळदा एकही दिवा नसतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात ट्रॉली दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून ट्रॉलीला मागे लाल दिवे हवेत. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर एक बटण बसवायचे आणि तिथून मागे वायर न्यायची. काम लहान आहे. पण ते कसेतरी उरकले, तर काय होते, हे आम्ही पाहिले आहे.

शेजारच्या गावच्या एका तात्यांनी असेच दिवे लावले. आम्ही म्हणालो, "तात्या, फ्यूज कुठं आहे?"

तात्या हसले. "अहो, बॅटरी 12 व्होल्टची. हात लावला तरी झटका बसत नाही. फ्यूज कशाला पाहिजे?"

पंधरा दिवसांनी डॅशबोर्डातून धूर निघाला. वायर पत्र्याच्या भोकातून नेली होती. भोकाची कड धारदार. घासून घासून वायरीचे वरचे साल निघाले आणि आतली तार पत्र्याला टेकली. तात्यांच्या मुलाने धावत जाऊन बॅटरीची वायर सोडवली, म्हणून ट्रॅक्टर वाचला. त्याचा हात मात्र भाजला.

झटका बसत नाही, मग आग कशी लागते? पाण्याचे उदाहरण घेऊ. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. विजेचा जोर व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून किती पाणी वाहते, तसा विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. 12 व्होल्टचा जोर आपल्या कोरड्या कातडीतून जाण्याइतका मोठा नसतो. म्हणून झटका जाणवत नाही. पण तांब्याच्या तारेतून वीज सहज जाते. इंजिन सुरू करताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते. तेवढा प्रवाह बारीक वायरीत शिरला, तर वायर चुलीतल्या सळईसारखी लाल होते.

इथे फ्यूज उपयोगी पडतो. फ्यूज म्हणजे साखळीतली मुद्दाम कच्ची ठेवलेली कडी. प्रवाह फार वाढला, की फ्यूज वितळतो आणि वीज बंद होते. वायर वाचते.

फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा? हिशेब सोपा आहे. दिव्यांच्या वॉटला 12 ने भागायचे. समजा, चार दिवे आहेत आणि प्रत्येक दिवा 6 वॉटचा आहे. एकूण झाले 24 वॉट. 24 भागिले 12, म्हणजे 2 अँपिअर. त्याहून थोडा मोठा, 3 अँपिअरचा फ्यूज घ्यावा. वायर दीड एमएमची पुरे.

आता काम कसे करायचे, ते पाहू.

1. आधी बॅटरीची वजा (–) खुणेची वायर सोडवा. काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडा. ही वायर ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेली असते. ती सोडवली, म्हणजे पाना चुकून कुठे टेकला तरी ठिणगी उडत नाही.

2. बॅटरीच्या अधिक (+) खुणेपासून लाल वायर घ्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवा. तो दिव्याजवळ बसवला, तर मधली सगळी वायर उघड्यावर पडली. तिथे वायर पत्र्याला टेकली, तर फ्यूजला कळणारही नाही.

3. फ्यूजपासून वायर डॅशबोर्डवरच्या बटणाला आणा. बटणापासून मागे दिव्यांना न्या. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी कडे घाला. सायलेन्सरपासून वायर लांब ठेवा.

4. दिव्यांपासून परत येणारी काळी वायर वेगळी ओढा आणि ट्रॅक्टरच्या बॉडीला घट्ट जोडा. ट्रॉलीच्या जोडपिनीवर भरवसा ठेवू नका. तिथे गंज आणि ग्रीस असते. दिवे मिणमिणतात किंवा धक्क्यासरशी विझतात.

5. गाडी उभी केल्यावर बटण बंद करा. नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असेल.

फ्यूज पुन्हा पुन्हा जातो, असे झाले तर? पुष्कळजण मोठा फ्यूज घालतात. कोणी तांब्याची तार गुंडाळतात, कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतात. असे कधीही करू नये. फ्यूज जातो, म्हणजे वायर कुठेतरी उघडी पडली आहे. ती जागा शोधावी, मग नवा फ्यूज घालावा.

आणि एक गोष्ट. फ्यूजवर आकडा छापलेला असतो. 3 चा जांभळा, 10 चा लाल, 20 चा पिवळा, असे रंगही असतात. दुकानदार देईल तो खिशात घालून येऊ नका. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. दुकानातच फ्यूज हातात घ्या आणि आकडा स्वतः वाचा.

तात्यांनी या हंगामात तसेच केले. त्यांच्या ट्रॉलीचे लाल दिवे आता रस्त्यावर लांबून दिसतात.