पायाच्या मापाचा बूट

तांदूळ दांताखालीं फोडून पाहिल्याशिवाय पोतें घरांत न घेणारीं, साडीचा पोत उजेडांत नेऊन पारखणारीं आपलीं कुटुंबें बूट मात्र पांच मिनिटांत घेऊन मोकळीं होतात. रोजच्या चालण्यांत हें खपून जातें. परंतु घरांतील तरुण मंडळी पावसाळा लागला कीं राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशा वाटा धरितात, आणि हल्लीं त्यांच्या आई-काकूही मागें राहत नाहींत. तेव्हां या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

बुटाची खरी परीक्षा चढणीवर होत नाहीं, उतरणीवर होते. 1646 मीटर उंचीची कळसूबाई चढतांना पाऊल बुटांत मागें, टांचेकडे सरकतें. उतरतांना तेंच पाऊल पावलोपावलीं पुढें घसरतें. पुढें जागा नसेल तर बोटें टोंकावर आपटत राहतात. नखें दुखूं लागतात, काळीं पडतात आणि कधीं गळूनही जातात. याहून वाईट म्हणजे दुखरें पाऊल मनुष्य सरळ टाकीत नाहीं, आणि ओल्या कातळावर घोटा मुरगळतो तो अशाच पावलानें. मग राजगडाच्या चोरदरवाज्याची वाट कुणा एकाला आधार देत उतरावी लागते. तें काय दिव्य आहे, हें गुंजवण्याच्या बाजूनें गेलेल्यांस सांगावयास नको.

तळाची पकड महत्त्वाची आहेच. इटलींतील गिर्यारोहक विताले ब्रामानी याच्या तुकडींतील सहाजण 1935 मध्यें आल्प्स पर्वतांत मृत्युमुखीं पडले; त्यांचीं पादत्राणें त्या प्रसंगास पुरेशीं नव्हतीं. त्यानंतर 1937 मध्यें ब्रामानीनें खोल खांचांचा रबरी तळ तयार केला, आणि आज डोंगरी बुटांचे बहुतेक तळ त्याच वळणाचे असतात. परंतु तळानें खडक घट्ट धरिला आणि आंतला पायच सरकत राहिला, तर त्या पकडीचा उपयोग काय?

आपल्या दुकानांतून बहुधा इंग्रजी नंबर चालतात. त्यांत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, आणि तोही केवळ लांबीचा. चवड्याच्या रुंदीविषयीं नंबर कांहींच बोलत नाहीं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें केलेल्या पाहणींत एक लाखांहून अधिक लोकांचीं पावलें मोजण्यांत आलीं, आणि भारतीय पाऊल पाश्चात्य पावलाहून रुंद असल्याचें आढळलें. चवडा आवळतो म्हणून आपले लोक एक नंबर मोठा बूट घेतात, तो या कारणानें. पण त्यानें बूट दुमडण्याची जागा पुढें जाते, टांच आंत उचलूं लागते आणि फोड येतात. रुंद घडणीचा दुसरा बूट पाहणें हाच येथें उपाय. “घालून घालून सैल होईल” हें दुकानदाराचें आश्वासन चामड्याच्या बाबतींत थोडेंफार खरें असेल, लांबीच्या बाबतींत मुळींच नाहीं.

खरेदीस संध्याकाळीं जावें, कारण दिवसभरांत पाय किंचित् सुजतो. वाटेवर घालावयाचे तेच जाड मोजे बरोबर न्यावे. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून ते टाळावे. दोन्ही पावलें उभ्यानें मोजावीं आणि जें लांब भरेल त्याचें माप घ्यावें. नाडी न बांधतां पाय पुढें ढकलला असतां टांचेमागें एक बोट जावें. मग टांच मागें टेकवून नाडी बांधावी आणि जिना उतरून पाहावा. बोटें टोंकास लागतां कामा नयेत, टांच उचलतां कामा नये. घरीं आणल्यावरही दोन-तीन संध्याकाळ घरांतच घालून फिरावें. तळ मळला नाहीं तर बूट बदलून मिळण्याची आशा राहते.

भगिनींस एक विशेष सूचना. बाळंतपणानंतर कांहीं स्त्रियांचें पाऊल कायमचें थोडें लांबतें, तेव्हां लग्नापूर्वींच्या नंबरावर विसंबूं नये. पुरुषांचा लहान नंबरही सहसा घेऊं नये. त्याची टांच बहुधा सैल पडते.

एकत्र कुटुंबांत वाढत्या अंगाचे कपडे शिवण्याची आणि थोरल्याचे धाकट्यास देण्याची चाल आहे. सदऱ्यापुरती ती उत्तम. डोंगरी बुटांत थोरल्याच्या पावलाची घडी बसलेली असते, ती धाकट्यास टोंचते.

शिवाय माळ्यावर ठेवलेला बूट वरून नवा दिसला तरी फसवितो. पुष्कळ बुटांच्या तळाच्या मधला थर पॉलियुरेथेन या फेंसाळ द्रव्याचा असतो. आपल्या दमट हवेंत तो न वापरतांही कांहीं वर्षांनीं कुजतो, आणि वाटेवर पहिल्याच चालीस तळ सुटून हातांत येतो. निघण्यापूर्वीं तो थर अंगठ्यानें दाबून पाहावा. भेगा पडल्या वा भुगा निघाला तर तो बूट घरींच ठेवावा. पिशवींत एक जादा नाडी असूं द्यावी. तळ सुटलाच, तर तिनें बांधून पायथ्यापर्यंत येतां येतें.