वाट देणें आणि वाट देऊन टाकणें

शहरानें आपला एखादा सार्वजनिक रस्ता विद्यापीठास मोटारी उभ्या करण्यासाठीं देऊन टाकावा काय, असा प्रश्न कोणीं विचारला, तर आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीं बरेच जण प्रथम विद्यापीठाच्याच बाजूनें मत देतील. विद्येचें स्थान तें. त्यासाठीं चार हात जागा सोडली तर बिघडलें कोठें? आम्ही वाकोल्यास राहतों. मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आमच्या अगदीं शेजारीं आहे. त्यामुळें हा प्रश्न आम्हांस केवळ वादविवादाच्या सभेंतला वाटत नाहीं.

गंमत अशी कीं, जुनें शास्त्रही प्रथमदर्शनीं विद्यापीठाच्याच पक्षाचें दिसतें. वाट कोणास द्यावी याचा क्रम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. वाहनांत बसलेला, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव, एवढ्यांस वाट द्यावी. आणि राजा व स्नातक यांची गांठ पडली तर राजानेंच स्नातकाचा मान राखावा. म्हणजे मोटारींत बसलेला पदवीधर दोन्ही नात्यांनीं मानाचा ठरला! परंतु वाट देणें म्हणजे क्षणभर बाजूस सरणें. पुढचा निघून गेला कीं बाजूस सरलेला पुन्हां आपल्या मार्गाला लागतो. दिवसभर उभ्या राहिलेल्या मोटारीस वाट देतां येत नाहीं. तिला फक्त जागा देतां येते, आणि ती जागा त्याच यादींतील वृद्ध, रोगी, स्त्री व ओझेंवाला यांच्या पायांखालून काढावी लागते. कौटिल्यानें तर माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडविणारास बारा पण दंड सांगितला आहे. त्यांत अडविणारा विद्वान असल्यास सूट नाहीं.

रस्ता देऊन टाकला म्हणजे पुढें काय होतें, याचें एक उदाहरण न्यूयॉर्क शहरांत आहे. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं ज्या कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेले, त्याच्या आवारामधून ११६ क्रमांकाचा सार्वजनिक रस्ता जात असे. १९५३ सालीं शहरानें त्या रस्त्याचा ब्रॉडवे व अ‍ॅम्स्टरडॅम या दोन हमरस्त्यांमधला तुकडा अवघ्या एक हजार डॉलरांस विद्यापीठाला दिला. त्यांनीं तेथें मोटारतळ केला नाहीं, पायवाट केली, हें त्यांच्या रसिकतेस शोभलें. पुष्कळ वर्षें शेजारचे लोक त्या वाटेनें खुशाल जात-येत असत. पण २०२४ सालच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर दारांवर ओळखपत्र मागूं लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथून चालणाऱ्यांस वळसा पडला. विद्यापीठाचीं कारणें खरींही असतील. परंतु रस्ता शहराचा राहिला असता तर दार लावण्याचा प्रश्न एकट्या विद्यापीठाच्या हातीं गेला नसता.

आमच्याकडील सी. एस. टी. रोड घ्या. नवखे लोक त्याचें नातें बोरीबंदरच्या स्थानकाशीं जोडतात. वास्तविक तें नांव सेंट्रल साल्सेट ट्रामवेचें. ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीस जाणारी ही रेल्वे १९२८ सालीं जी. आय. पी. कंपनीनें सुरू केली आणि १९३४ सालीं ती बंद झाली. रूळ गेले, नांव मागें राहिलें. ती परत आणण्याची गोष्ट आज कोणी बोलतही नाहीं, कारण लोकांच्या जाण्यायेण्याची जागा एकदां दुसऱ्या कामीं लागली म्हणजे ती मोकळी होणें दुरापास्त. त्याच रस्त्यावर विद्यानगरीचें आवार आहे. तें दोनशे एकरांहून अधिक आहे, हें विसरूं नये.

थोडें गणित करूं. शाळामास्तराची खोड जात नाहीं. एका मोटारीस उभें राहण्यास सुमारें साडेबारा चौरस मीटर जागा लागते, आणि आंत येणें, वळणें धरलें तर दुप्पट. दोनशे मीटर लांब व नऊ मीटर रुंद अशी गल्ली दिली, तर १८०० चौरस मीटरांत मोटारी मावल्या बहात्तर. म्हणजे अवघ्या दोन बसगाड्यांतील उतारू! तेवढ्यासाठीं शाळेंत जाणारा नातू, कामावरून परतणारी सून आणि देवळास निघालेले आजोबा यांनीं रोज वळसा घ्यावयाचा. आणि २६ जुलै २००५ चा दिवस कोण विसरेल? सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारों माणसें कमरेएवढ्या पाण्यांतून पायीं घरीं गेलीं. तशा रात्रीं प्रत्येक मोकळी गल्ली म्हणजे सुटकेचा मार्ग असतो.

विद्यापीठाची अडचण खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. प्राध्यापक बोरिवलीहून, मुलुंडहून येतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचींच मुलें-सुना त्यांत असतील. पण आपल्या आवारांत मजल्यांचा मोटारतळ बांधणें, स्थानकापासून वेळेवर बस ठेवणें, हे उपाय विद्यापीठाच्या आवांक्यांतले आहेत. पायीं चालणाऱ्यास मात्र दुसरा रस्ता बांधतां येत नाहीं.

कायद्याची बाजू वाचकांनीं जाणून ठेवावी. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्याप्रमाणें सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या ठायीं निहित असतात. रस्ता कायमचा बंद करावयाचा तर महापालिकेची मंजुरी लागते, आणि ज्या सभेंत निर्णय व्हावयाचा तिच्या निदान एक महिना आधीं आयुक्तांच्या सहीची नोटीस त्या रस्त्यावर लावावी लागते. आलेल्या हरकतींचा विचार झाल्यावांचून रस्ता बंद करतां येत नाहीं. पण तो एकदां बंद झाला कीं त्या जमिनीची विल्हेवाट लावण्याचा अधिकार महापालिकेस मिळतो. ७ मार्च २०२२ रोजीं नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला व तीन वर्षांहून अधिक काळ तसाच चालला. त्या दिवसांत हरकत ऐकणारी निवडून आलेली सभाच नव्हती, हेंही लक्षांत असूं द्यावें.

तेव्हां आपल्या गल्लीच्या तोंडाशीं असा कागद चिकटविलेला दिसला, तर घरांतील कोणीतरी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचावा. हरकत लेखीच द्यावी लागते, आणि ती सभेच्या दिवसापूर्वीं पोहोंचली पाहिजे.