डायलिसिस : रक्तातून की पोटातून? निर्णयापूर्वी काय जाणून घ्यावे

जगतपुरा (जयपूर) : मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान होताच कुटुंबासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो डायलिसिस कोठे करायचे, हा. ते कोणत्या पद्धतीने करायचे, हा प्रश्न मात्र अनेकदा विचारलाच जात नाही. जयपूरच्या आग्नेय भागातील जगतपुऱ्यासारख्या शहरी वस्तीत राहणाऱ्या रुग्णाला केंद्र गाठणे तुलनेने सोपे असते. राजस्थानातील दूरच्या ढाणीतून किंवा महाराष्ट्रातील एखाद्या वाडीवरून येणाऱ्या रुग्णाचे मात्र पुढील आयुष्याचे वेळापत्रकच या निवडीवर ठरते.

डायलिसिस मूत्रपिंडाचा आजार बरा करीत नाही. रक्तातील टाकाऊ द्रव्ये, अतिरिक्त पाणी व क्षार काढून टाकण्याचे काम ते मूत्रपिंडाऐवजी करते. रक्तनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक त्यातून मिळत नाही; त्यामुळे औषधे व इंजेक्शने सुरूच ठेवावी लागतात.

हिमोडायलिसिस

या पद्धतीत रक्त शरीराबाहेर आणून यंत्रावरील कृत्रिम गाळणीतून शुद्ध केले जाते. साधारणपणे आठवड्यातून 3 वेळा, प्रत्येकी सुमारे 4 तास असा क्रम शिफारशीत असतो. खर्च व प्रवासामुळे भारतात अनेक रुग्ण दोनच वेळा उपचार घेतात. रक्त घेण्यासाठी हातातील धमनी व शीर जोडून फिस्टुला तयार केला जातो. तो वापरण्यायोग्य होण्यास अनेक आठवडे लागतात. तयारी नसताना मानेतील शिरेत नळी बसवावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

या पद्धतीस पाणीही मोठ्या प्रमाणात लागते. मिनिटाला 500 मिलिलिटर द्राव वापरल्यास 4 तासांत सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी खर्ची पडते. त्यामुळे केंद्रातील जलशुद्धीकरण हा उपचाराचाच भाग ठरतो. प्रशिक्षित कर्मचारी सोबत असतात, ही जमेची बाजू. रक्तदाब अचानक उतरणे, पायात गोळे येणे व उपचारानंतरचा थकवा ही त्रासाची बाजू.

पेरिटोनियल डायलिसिस

येथे पोटातील आतड्यांभोवतीचे पातळ आवरण हीच गाळणी असते. शस्त्रक्रियेने बसविलेल्या मऊ नळीतून सुमारे 2 लिटर द्राव पोटात सोडला जातो, काही तास ठेवला जातो व नंतर बाहेर काढला जातो. हाताने केल्यास दिवसातून 3 ते 4 वेळा द्राव बदलावा लागतो. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास जातो. स्वयंचलित यंत्र हेच काम रात्री झोपेत करते.

हे उपचार घरीच होत असल्याने नोकरी, शिक्षण व प्रवास सांभाळणे सोपे जाते. पाणी दररोज काढले जात असल्याने द्रवपदार्थांवरील निर्बंध बहुधा सौम्य असतात. पारा 40 अंशांपलीकडे जाणाऱ्या जयपूरच्या उन्हाळ्यात, घोटभर पाणीही मोजून पिणाऱ्या रुग्णासाठी ही बाब लहान नाही. मूत्रपिंडांची उरलीसुरली क्षमताही या पद्धतीत अधिक काळ टिकते.

मात्र स्वच्छतेत हयगय झाल्यास पोटाच्या आवरणाला संसर्ग होतो. बाहेर येणारा द्राव गढूळ दिसणे, पोट दुखणे किंवा ताप येणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. द्रावातील ग्लुकोजमुळे वजन व रक्तशर्करा वाढू शकते, तर प्रथिनांची हानी आहारातून भरून काढावी लागते. पोटावर अनेक मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना ही पद्धत अनुकूल नसते.

श्रेष्ठ कोणती?

आयुर्मानाच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींचे परिणाम बहुतांशी सारखेच आढळतात. त्यामुळे वय, अन्य आजार, घरातील जागा, मदतीचा हात आणि केंद्राचे अंतर यांवर निवड ठरते. हाँगकाँगने 1985 पासून पेरिटोनियल पद्धतीला प्राधान्य दिले. थायलंडने 2008 मध्ये तोच मार्ग स्वीकारला आणि 2022 मध्ये निवडीचा अधिकार रुग्णांकडे सोपविला.

हिमोडायाफिल्ट्रेशन या सुधारित प्रकाराबाबत 2023 मध्ये युरोपातील 1,360 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीच्या हिमोडायलिसिसच्या तुलनेत मृत्यूचा धोका सुमारे 23 टक्क्यांनी कमी दिसला. ही सुविधा मात्र सर्व केंद्रांत उपलब्ध नसते.

भारतात 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत हिमोडायलिसिस देण्याची तरतूद झाली. 2019 मध्ये पेरिटोनियल डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना जारी झाल्या.

प्रकृती योग्य असल्यास प्रत्यारोपण हाच सर्वोत्तम पर्याय मानला जातो. दाता मिळेपर्यंत आधार डायलिसिसचाच असतो. म्हणूनच आजार बळावत असल्याचे कळताच, श्वास लागून आपत्कालीन कक्षात पोहोचण्यापूर्वी, डॉक्टरांना दोन्ही पद्धतींविषयी विचारावे. ज्या हातात फिस्टुला करायचा आहे, त्या हाताच्या शिरांतून रक्त काढू देऊ नये. वेळेवर विचारलेला प्रश्न रुग्णाला निवडीची संधी देतो. उशीर झाल्यास ती निवड परिस्थितीच करून टाकते.